सुमीला कुणी पळवलं नव्हतं

हे मी आजवर कुणाला बोललो नाही. म्हणजे — बोललो, पुष्कळदा बोललो, पण उलटं बोललो. सरळ बाजूनं आज पहिल्यांदाच सांगतोय, आणि तेही तुम्हाला, कारण तुम्ही कधी माझ्या घरी जेवायला येणार नाही.

आमच्या घरात गोष्टी सांगायचं काम माझ्याकडं असतं. बारसं असो, लग्न असो, जेवणं झाली की कुणीतरी म्हणतंच, "अण्णा, ती सांगा की." मग मी माझ्या फजित्या सांगतो. वरातीतलं घोडं मला घेऊन भलत्याच मांडवात शिरलं, ती. मालकांकडं सत्यनारायणाला गेलो आणि त्यांच्याच चपला घालून परत आलो, ती. माणसं पोट धरून हसतात. स्वतःवर हसणारा माणूस — किती मोकळा, किती निर्मळ, नाही का? मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. पण असल्या माणसाच्या फजित्या जरा उचलून बघा. खाली काय दडपून ठेवलंय, ते बघा. निदान माझ्या तरी.

पासष्ट साली, युद्ध चालू होतं तेव्हा, मी तिशी नुकतीच ओलांडलेली. शाहूपुरीत गुळाच्या एका अडत दुकानात लिहिण्याचं काम करायचो. राहायला गंगावेशीजवळ. घरात मी, बायको आणि चार वर्षांची सुमी. पगार बेताचा, पण आवाज — आवाज दांडगा. पेठेतला गणपती असो, तालमीचा कार्यक्रम असो, कुस्त्यांचं मैदान असो, माईक लागला की लोक मला शोधत यायचे. खरं सांगायचं तर फार शोधावं लागायचं नाही. मी माईकच्या आसपासच घुटमळत असायचो.

त्या दिवसांत युद्धाबद्दल मत नाही असा माणूस आमच्या पेठेत सापडला नसता. न्हाव्याच्या दुकानात रेडिओ होता. अर्धी दाढी झालेली माणसं बातम्यांना हात वर करून न्हाव्याला थांबवायची आणि उरलेल्या अर्ध्या दाढीनिशी सेनापतींच्या चुका काढायची. रणगाडा कुणीच पाहिला नव्हता. पण तो कुठून वळवायला पाहिजे होता हे प्रत्येकाला ठाऊक होतं. त्यात मी सगळ्यांच्या पुढं. का नसावं? मला कोण आघाडीवर पाठवणार होतं?

आणि आमच्याच गल्लीच्या टोकाला हेर्लेकर राहायचे.

हेर्लेकर म्हणजे लेखक. पन्नाशीचे, एकटे, खिडकी कायम अर्धी लावलेली. दिवाळी अंकांत त्यांच्या कथा यायच्या. पेठेत त्या कुणी वाचत नव्हतं, पण 'आमच्या गल्लीत लेखक राहतो' हे पाहुण्यांना सांगायला बरं पडायचं. मागं त्यांचा सत्कार करायचा ठरला तेव्हा त्यांनी खिडकीतूनच हात जोडले होते. सभा नाही, हार नाही, कुणाच्या ओसरीवर बसणं नाही. बाया त्यांना 'ते लिवणारं' म्हणायच्या. संध्याकाळी अंधार पडता पडता मात्र ते गळ्याभोवती मफलर गुंडाळून बाहेर पडायचे, गंगावेशीत दूध प्यायला. आमच्याकडची रीत अशी, की गवळी संध्याकाळी म्हशी घेऊन कट्ट्यावर येतात आणि तुमच्या समोर धार काढून फेसाचा गरम पेला तुमच्या हातात देतात. हेर्लेकर कडेला उभे राहून तो प्यायचे आणि कुणाकडं न बघता परत जायचे.

माझा त्यांच्यावर राग होता. देशाचा वगैरे नंतरचा. आधीचा निराळा. एकदा मी एक कथा लिहिली होती आणि धीर करून त्यांच्या खिडकीतून आत दिली होती. आठवड्यानं त्यांनी ती तिथूनच परत दिली आणि म्हणाले, "तुम्ही घरात बोलता तसं लिहा. हे तुम्ही माईकवर लिहिलंय." एवढंच. चांगला सल्ला होता — आज कळतंय. त्या वेळी मी घरी येऊन कागद चुलीत घातले आणि बायकोला म्हणालो, "माणूस माणूसघाणा आहे." तुम्ही काय केलं असतं? जाऊ दे. मी काय केलं ते सांगायला बसलोय.

युद्ध लागल्यावर तालमीनं जवानांसाठी सभा ठरवली आणि अध्यक्ष म्हणून हेर्लेकरांना बोलवायला माणसं गेली. त्यांनी नेहमीप्रमाणं हात जोडले. इथवर ठीक होतं. पण पुढच्याच आठवड्यात त्यांनी गावातल्या एका साप्ताहिकात लहानसं स्फुट लिहिलं. त्यात म्हटलं होतं, की आपल्याकडं युद्धाच्या बातम्या कुस्तीच्या निकालासारख्या ऐकतात. पण कुस्तीत पडलेला माणूस उठतो, माती झटकतो, हात मिळवतो. तिथं पडलेला उठत नाही. मग आपण फेटे कशाला उडवतो आहोत?

पेठ पेटली. कोल्हापुरात बसून कुस्तीचं नाव घ्यायचं आणि ते असं? ज्यानं आयुष्यात कधी लंगोट बांधला नाही, त्यानं? मीच न्हाव्याच्या दुकानात ते मोठ्यानं वाचून दाखवलं. अर्धंच वाचलं, कारण अंकाचं खालचं अर्धं पान वस्तऱ्याचा साबण पुसण्यात गेलं होतं. खाली काय होतं, असं मला कुणी विचारलं नाही. मीही कुणाला विचारलं नाही. रागवायला वरचं अर्धं पुरेसं होतं.

त्यानंतर दोन-तीन दिवसांतच ती संध्याकाळ आली.

बायको भाकऱ्या करत होती आणि सुमी तिच्या पायात पायात करत होती. म्हणून तिनं सुमीला माझ्याबरोबर कट्ट्यावर धाडलं. "हात सोडू नका तिचा," म्हणाली. ती नेहमी म्हणायची आणि मी नेहमी 'बरं' म्हणायचो. कट्ट्यावर गर्दी होती. बाहेरगावची माणसं, सायकली, शेणाचा वास. मी म्हशींच्या मागच्या बाजूला दगडी पायरीवर सुमीला बसवलं, पितळी पेला तिच्या दोन्ही हातांत दिला आणि तंबाखूसाठी रस्त्याच्या कडेला आलो. तेवढ्यात तालमीकडून घोळका आला. पुढं बंडा — तालमीतला पैलवान, मनानं चांगला, पण ज्या बाजूला ढकलाल त्या बाजूला जाणारा.

"अण्णा, हितं काय करालासा? चला की."

"कुठं?"

"त्या लिवणाऱ्याकडं. आमची पोरं तिकडं मराय लागल्यात आणि ह्यो हितं बसून आमास्नी शाणपण शिकवतोय. इचारू की त्याला. तुमच्याबिगर बोलणार कोण?"

तुमच्याबिगर बोलणार कोण. एवढ्यावर मी निघालो. वळून एकदा सुमीकडं हात केला — 'आलोच' असा. तिनं तो बघितला का? पेल्यात तोंड होतं तिचं.

आता इथं जरा थांबतो. कारण इथून पुढं 'मी गडबडीत पोरीला विसरलो' असं म्हणता येईल, आणि तुम्हीही समजून घ्याल. विसरतो माणूस. पण मी विसरलो नव्हतो. गल्लीच्या वळणावर मला सुमी आठवली. चांगली, लख्ख आठवली — पेला, पायरी, म्हशींची शेपटं. मी मागंही बघितलं. मग मनात आलं, की आणायला गेलो तर घोळका पुढं जाईल. तिथं बंडाच बोलेल, त्याला काय बोलता येतंय? आणि मी पोहोचेन तेव्हा कडेवर पोरगी घेऊन मागं उभा असेन. कडेवर पोरगी असलेल्या माणसाचं भाषण कोण ऐकतं? मी पाय उचलला तो पुढंच.

हेर्लेकरांचं दार बंद होतं. खिडकीही पूर्ण लावलेली. मी पायरीवर चढलो आणि बोललो. काय बोललो ते सगळं आठवत नाही, आणि आठवतंय ते लिहिवत नाही. ज्याला पोरंबाळं नाहीत त्याला दुसऱ्यांच्या पोरांची काय किंमत, असं काहीतरी म्हणालो होतो. टाळ्या पडल्या होत्या. कुणीतरी खिडकीवर दगड मारला. आत माणूस आहे की नाही, हे बघायची गरज कुणालाच वाटली नाही. बंद दारावर ओरडायला किती बरं वाटतं, ते ओरडलेल्यालाच ठाऊक.

आणि मग पाठीमागून घोळका गप्प होत आला.

हेर्लेकर घरात नव्हतेच. ते रस्त्याकडून येत होते. गळ्यात मफलर, आणि बोटाला धरून सुमी. तिच्या वरच्या ओठावर दुधाची पांढरी मिशी तशीच होती. ते मध्यभागी आले, आपल्याच दारापुढची ती सगळी माणसं बघितली आणि हळू आवाजात म्हणाले, "ही कट्ट्यावर एकटी रडत होती. हिचे वडील इथं आहेत म्हणते."

सगळे माझ्याकडं वळले. मी त्यांच्या पायरीवर उभा. मागून कुणीतरी फिसकन हसलं. "अण्णांची पोरगी की ही. अण्णा, देशाचं बघता बघता पोरगी कुठं इसरलासा?"

आणखी दोघं-तिघं हसले.

बघा, मी आयुष्यभर माझ्यावर लोकांना हसवत आलोय. भलत्या मांडवातलं घोडं, मालकांच्या चपला. पण ते हसू मी वाढलेलं असतं. हे मी वाढलेलं नव्हतं. हे मला सोसलं नाही.

मी म्हणालो, "मी हिला घरी आईजवळ ठेवून आलोय. ही तुमच्याकडं कशी आली?"

हेच ते. एवढंच वाक्य. त्याला किती वेळ लागला असेल? तंबाखूची चिमूट तोंडात टाकायला लागतो तेवढा.

हेर्लेकरांना ते आधी समजलंच नसावं. म्हणाले, "नाही, कट्ट्यावर होती. पायरीवर." मी म्हणालो, "खोटं." माझा माईकवरचा आवाज होता तो. एकटा राहणारा माणूस, कुणात मिसळत नाही, खिडक्या लावून बसतो, देशाविरुद्ध लिहितो — आणि त्याच्या हातात दुसऱ्याची पोरगी. घोळक्याला आणखी काही सांगायची गरज पडली नाही. पहिला हात बंडाचा पडला. चष्मा उडाला. मग बाकीचे. सुमी किंचाळत माझ्याकडं धावली आणि माझ्या धोतरात तोंड लपवलं. "बघा, कशी भ्यालीया त्याला," एक म्हातारा म्हणाला. ती त्यांना भ्यालेली नव्हती. ती आम्हाला भ्यालेली होती. तिच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा मला ते कळलं, आणि मी हात तसाच ठेवला.

हवालदार आला. "तक्रार देता का?" असं मला विचारलं. तक्रार दिली असती तर चौकशी झाली असती, कट्ट्यावरच्या गवळ्यापर्यंत गेली असती. मी म्हणालो, "जाऊ द्या. पोरगी मिळाली, बास झालं. कुणाचं वाटोळं कशाला करायचं?" लोक म्हणाले, अण्णांचं मन मोठं. हेर्लेकर तेव्हा खाली बसून चष्मा चाचपत होते. त्यांनी मान वर करून आवाजाच्या दिशेनं बघितलं. त्यांना मी दिसलो की नाही, मला आजही सांगता येणार नाही.

घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. बायको दारात उभी. तिनं सुमीला घेतलं, पदरानं तिच्या ओठावरचं दूध पुसलं, आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुमच्यासंगंच धाडली होती की मी."

"आता काही बोलू नको," मी म्हणालो. "आता बोललीस तर पेठेत तोंड दाखवायला जागा राहणार नाही मला."

ती बोलली नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. पुढं आम्हाला दोन मुलगे झाले. त्यातल्या एकालाही तिनं कधी माझ्याबरोबर बाहेर धाडलं नाही. केस कापायलासुद्धा स्वतः घेऊन जायची आणि बाईमाणसानं न्हाव्याच्या दारात कसं उभं राहायचं म्हणून रस्त्याकडं पाठ करून उभी राहायची. लोक मला म्हणायचे, वहिनी त्या प्रकारानं फार भेदरल्यात. मी म्हणायचो, होय, फार भेदरलीय.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमी आपणहून बोलायला लागली. ती रडत होती तेव्हा त्या काकांनी विचारलं, अण्णा कुठं गेलेत? ही म्हणाली, लिवणाऱ्याच्या घरी भांडायला. बंडाचं बोलणं तिनं पायरीवरून ऐकलं होतं. तर ते काका म्हणाले, "मग चल, माझंच घर आहे ते."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. आपल्या दारात काय चाललंय हे ऐकून ते तिला घेऊन आले होते. गवळ्याकडं सोपवून दुसऱ्या वाटेनं निघून जाता आलं असतं की. का नाही गेले? मी पुष्कळ वेळा विचार केलाय. दर वेळी एकच उत्तर येतं, आणि ते इतकं साधं आहे, की मला ते आवडत नाही. पोरीला बापाकडं पोचवायचं होतं.

घरमालकानं त्यांना महिन्याच्या आत खोली सोडायला लावली. हातगाडीवर पुस्तकं लादून ते गल्लीतून गेले तेव्हा मी न्हाव्याच्या खुर्चीत होतो, तोंडाला साबण लावून. आरशात गाडी दिसली. मान वळवली नाही. वस्तरा गळ्यावर होता, असं म्हणता येईल.

पुढं केव्हातरी त्या साप्ताहिकाचा पुरा अंक दुकानात रद्दीत सापडला. खालच्या अर्ध्यात त्यांनी आमच्याच पेठेतल्या, आघाडीवर गेलेल्या पोरांच्या आयांबद्दल लिहिलं होतं. रेडिओवर बातम्या लागल्या की त्या न्हाव्याच्या दुकानापुढून खाली मान घालून भराभर जातात, काही कानावर पडू नये म्हणून. हे रोज आमच्या डोळ्यांपुढून जात होतं. आम्ही खुर्चीत बसून रणगाडे वळवत होतो.

त्यांचं नाव मग कुठल्या दिवाळी अंकात दिसलं नाही. मी दर वर्षी बघायचो. विकत नाही घ्यायचो, स्टॉलवर उभ्याउभ्या अनुक्रमणिका बघायचो. काही वर्षांनी कळलं, की ते गारगोटीत राहतात. दुकानाच्या कामासाठी मी एकदा गारगोटीला गेलो. म्हणजे — काम काढून गेलो. बाजारात चहा घेताना हॉटेलवाल्याला विचारलं.

"ते व्हय? त्या बोळात, शेवटचं घर. पण पावणं, ते काय बोलणार न्हाय तुमच्याशी. येडं हाय जरा. दारात पोरं खेळाय आली की आत जाऊन कडी लावतंय. चेंडू आत गेला तर खिडकीतनं भाईर टाकतंय, पर पोराच्या हातात म्हणून देत न्हाय."

तो हसला. मीही हसलो. भजी मागवली, खाल्ली, आणि पुढच्या गाडीनं परत आलो. बोळाच्या तोंडापर्यंत गेलो होतो, असं सांगायचा मला फार मोह होतोय. गेलो नव्हतो.

दोन-तीन वर्षांत ते वारले. मला तिकडंच राहणाऱ्या एका चुलत्यांच्या पत्रातून कळलं, तेही सगळ्यात शेवटच्या ओळीत.

आता राहिलं ते सगळ्यात वाईट. तुम्हाला वाटलं असेल, झालं ते एका संध्याकाळी झालं. नाही हो. त्या संध्याकाळची मी गोष्ट केली. लोक विचारायचे, मी सांगायचो. सांगता सांगता ती सुधारत गेली. मी घरून निघालो ते आलं, पोरगी दारातून नाहीशी झाली ते आलं, बापाचं काळीज कसं लकलकलं ते आलं. एका पुतण्याच्या बारशात तर मी हेर्लेकरांच्या हातात खाऊचा पुडा दिला. लोकांच्या अंगावर काटा आला. सुमी समोर बसून ऐकायची. सात वर्षांची असताना, दहा वर्षांची असताना, लग्न ठरलं तेव्हा. ते काका, ते 'चल, माझंच घर आहे' — हे तिच्या मनातून केव्हा गेलं, मला कळलंच नाही. तिला आता माझा पुडा आठवतो. "त्याच्या हाताला पानाचा वास होता," असं परवा सांगत होती. पान मी कधी घातलं नव्हतं गोष्टीत. ते तिचं तिनं घातलंय.

सुमी आता पंचविशीची आहे. सांगलीला असते. तिची पिंकी चार वर्षांची. त्यांच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त मास्तर एकटे राहतात. त्यांनी पिंकीला पेरू दिला, तर सुमीनं तो तिच्या हातातून काढून गटारात टाकला आणि मास्तरांना जिन्यात उभं करून नको नको ते बोलली. मला हे अभिमानानं सांगितलं. "तुमच्यामुळं मी सावध झाले, अण्णा."

तुम्ही काही म्हणावं म्हणून मी हे सांगत नाही. कुणी माफ करावं, असंही नाही. करणारा माणूस गारगोटीत होता, आणि त्याच्याकडं मी भजी खाऊन पाठ फिरवली. वय लहान होतं म्हणू? तिशी ओलांडलेली होती. हवा तशी होती म्हणू? हवेत माझाच आवाज होता.

गेल्या मे महिन्यात सुमी माहेरी आली होती. दुपारी सगळे पंख्याखाली आडवे झालेले. बायको भिंतीकडं तोंड करून पडली होती. ती झोपली नव्हती. तिची झोप मला ओळखता येते. पिंकी माझ्या पोटावर बसलेली. सुमी म्हणाली, "अण्णा, हिला ती सांगा की. मला पळवलं होतं ती. हिला कळू दे."

नाही म्हणता आलं असतं. झोप आलीय म्हणता आलं असतं. खरी गोष्ट सांगता आली असती — तीही काही फार मोठी नाही, एका पेल्यात मावेल एवढी. बायकोची पाठ जराशी हलली. मी तिच्याकडं बघितलं, आणि सांगायला लागलो. घर, दार, नाहीशी झालेली पोरगी, मफलरवाला माणूस, पुडा. पानाचा वाससुद्धा सांगितला.

पिंकीनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आजोबा, तो माणूस वाईट होता?"

"होय," मी म्हणालो.

ती माझ्या पोटावरून उतरली, दारापाशी गेली, चवड्यांवर उभी राहिली आणि कडी नीट लागलीय का ते हात लावून बघून आली.